चोवीस तास फिरणाऱ्या डिस्ककडून शिकलेलं

आमच्या नागपूरच्या घरातला सर्व्हर वर्षानुवर्षं चोवीस तास चालू आहे. आजीच्या आवाजातल्या ओव्या, शेतीचे सातबारे, लग्नांचे व्हिडिओ, मुलांचे फोटो असं सगळं घर त्याच्यावर आहे. त्यातल्या काही डिस्क गेल्या, काही वेळेत बदलता आल्या, काही अजून ठणठणीत आहेत. एवढ्या काळात जे उमगलं, ते इथे मांडतो.

१. 'पास' या शब्दावर विसंबू नका.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. या सोयीला 'स्मार्ट' म्हणतात. स्मार्टमॉनटूल्स हे मोफत सॉफ्टवेअर ती नोंद उघडून दाखवतं. सर्वांत वर एक निकाल येतो आणि तो बहुतेक वेळा 'पास' असतो. पण कंपनीने ठरवलेली शेवटची मर्यादा अजून ओलांडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेकडो सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे छोटे कप्पे, वाचता येत नसतानाही डिस्क 'पास' असू शकते. म्हणून खालचा तक्ता वाचायचा.

२. तक्त्यात पाहायचं थोडंच असतं.

पहिल्यांदा तक्ता पाहणारा घाबरतोच. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये पहिल्याच ओळीत, वाचनातल्या चुकांपुढे, कोटींचा आकडा असतो. तो त्या कंपनीच्या मोजण्याच्या पद्धतीमुळे येतो, त्यात काही वावगं नाही. खऱ्या महत्त्वाच्या ओळी पाच, क्रमांक ५, १८७, १८८, १९७ आणि १९८. हजारो डिस्क चालवून त्यांची आकडेवारी जाहीर करणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनीही याच पाचांवर नजर ठेवते.

त्यातही माझी नजर आधी १९७ कडे जाते. डिस्कला जे सेक्टर वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, त्यांची ही संख्या. त्या जागेवर पुन्हा लिहिलं गेलं की दोनपैकी एक गोष्ट होते. सेक्टर ठीक निघाला तर तो यादीतून जातो. खराब निघाला तर डिस्क त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरते आणि ५ क्रमांकाचा आकडा वाढतो. म्हणजे ५ हा झालेल्या नुकसानीचा हिशेब आहे, तर १९७ म्हणजे या क्षणी तुमची कुठली तरी फाइल अडकली असण्याची शक्यता.

३. आकड्यापेक्षा त्याची वाढ बोलते.

५ क्रमांकाच्या ओळीत आठ आहे आणि दोन वर्षं आठच आहे, तर ती डिस्क मी वापरत राहतो. तोच आकडा आठवड्याभरात शून्यावरून आठ आणि आठावरून चाळीस झाला, तर त्याच दिवशी नवी डिस्क मागवतो. वाढ कळायची तर जुना आकडा हाताशी हवा. मी दर महिन्याला तारखेसह तक्ता जपून ठेवतो. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली, की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता बिनचूक डिस्कच्या ३९ पट असते, असं त्यांना आढळलं.

४. १९९ वाढला तर केबल बदला.

हा सीआरसी चुकांचा, म्हणजे केबलमधून जाताना डेटा बिघडल्याचा आकडा. दोष बहुधा सैल किंवा खराब साटा केबलचा असतो. आकडा पुन्हा शून्य होत नाही. केबल बदलल्यावर तो जिथल्या तिथे थांबला, की काम झालं.

५. न वाचलेल्या जागा मुद्दाम वाचून घ्या.

दहा वर्षांपूर्वीचे फोटो कोण उघडतं? पण ते ज्या सेक्टरवर आहेत, ते बिघडले तर वाचायला गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून आठवड्याला स्मार्टची छोटी चाचणी आणि महिन्याला लांब चाचणी लावून ठेवावी. छोटी दोन-तीन मिनिटांत होते. लांब चाचणी डिस्कचा सगळा पृष्ठभाग वाचते, त्यामुळे ८ टीबीच्या डिस्कला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागतो. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम वापरत असाल तर स्क्रबही करावं, कारण वाचलेला मजकूर मूळचाच आहे ना, हे ते चेकसमवरून पडताळतं. बिघाडाची सूचना ईमेलने येईल अशी व्यवस्था करा, आणि ती खरंच पोहोचते का, हे चाचणीचा ईमेल पाठवून बघा.

६. आमच्याकडचा मे महिना वेगळा.

बाहेर ४५ अंश असताना बंद कपाटातली डिस्क पाहता पाहता पन्नाशीला पोहोचते. नॅससाठीच्या, म्हणजे अशा घरगुती सर्व्हरसाठीच्या, बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० ते ६५ अंश असते, पण तिथवर जाऊ देण्यात शहाणपण नाही. डिस्कसमोर १२० मिलिमीटरचा एक साधा पंखा बसवला की फरक लगेच दिसतो. सर्व्हर कूलरच्या झोतात मात्र ठेवू नये. ओलावा आणि धूळ दोन्ही वाईट.

७. उगाच होणारी उठबस थांबवा.

काही डिस्क वीज वाचवायला आठ सेकंद काम नसलं की वाचन-लेखन करणारं हेड बाजूला नेऊन ठेवतात. सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला काही ना काही लिहीत असेल, तर हेडच्या दिवसाला २,८८० फेऱ्या होतात. तीन लाख फेऱ्यांची क्षमता असलेली डिस्क त्या हिशेबाने साडेतीन महिन्यांत मर्यादा गाठते. हा आकडा १९३ क्रमांकाच्या ओळीत असतो. तो झपाट्याने चढत असेल तर डिस्कची वीजबचतीची सेटिंग बदला. अचानक वीज जाण्याने होणारी उठबसही टाळायची, म्हणून भारनियमनाच्या गावात यूपीएस हवाच, तोही सर्व्हरला यूएसबीने जोडलेला. बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो.

८. एसएसडीच्या झिजेची धास्ती नको.

१ टीबीच्या चांगल्या एसएसडीला साधारण ६०० टीबी लेखनाची हमी असते. रोज ५० जीबी लिहिलं तरी हिशेब तीस वर्षांच्या पुढे जातो. एनव्हीएमई एसएसडीत 'वापरलेली टक्केवारी' थेट दिसते, वर्षातून दोनदा पाहिली तरी पुरे. एसएसडी जाते तेव्हा बहुधा झिजून जात नाही, अचानक दिसेनाशी होते.

९. बॅकअपला पर्याय नाही.

गूगलच्या त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे वरचं सगळं निष्ठेने केलं, तरी निम्म्याहून जास्त वेळा डिस्क न सांगताच जाऊ शकते. रेड ही सोय डिस्क गेल्यावर काम चालू ठेवते. चुकून पुसलेली फाइल, चोरी किंवा वीज कोसळणं यांपुढे तिचा उपयोग नाही. आमच्या डेटाची एक प्रत पुण्याला भावाच्या घरी असते आणि दिवाळीला भेटलो की डिस्कची अदलाबदल होते. तुमच्या घरातली दुसरी प्रत कुठे आहे, हे या आठवड्यात शोधा. नसेल तर नवी डिस्क आणा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आवाजापासून सुरुवात करा.