ध्रुववृत्तापलीकडचा रस्ता

कॅनडा देशाच्या वायव्य टोकाला युकॉन नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथे युकॉन आणि क्लोंडाइक या दोन नद्यांच्या संगमावर डॉसन नावाचे लहानसे नगर वसले आहे. १८९६ साली जवळच्या एका ओढ्यात सोने सापडले आणि दूरदूरची हजारो माणसे या रानात धावत आली. पुढे सोने कमी झाले, माणसे पांगली. नगर मात्र राहिले. या डॉसनपासून पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर एक रस्ता मुख्य मार्ग सोडून उत्तरेकडे वळतो. डोंगर, दलदली आणि नद्या ओलांडीत ७३६ किलोमीटरनंतर तो इनुविक या गावी पोहोचतो. याचे नाव डेंप्स्टर महामार्ग.

महामार्ग म्हटले की डांबराचा रुंद रस्ता आणि दुतर्फा गावे डोळ्यांसमोर येतात. डेंप्स्टर मार्ग तसा नाही. तो बहुतेक सारा खडीचा आहे. पहिल्या साडेतीनशेहून अधिक किलोमीटरांत त्यावर एकही गाव नाही, दुकान नाही, पेट्रोलचा पंपही नाही. शिवाय पुढे पील आणि मॅकेन्झी या दोन मोठ्या नद्या आडव्या येतात आणि त्यांपैकी एकीवरही पूल नाही. उन्हाळ्यात मोटारी फेरीबोटीतून नदी पार करतात. भर हिवाळ्यात नदी गोठून दगडासारखी कठीण झाली, की बर्फावरूनच पलीकडे जातात. परंतु या दोहोंच्या मध्ये काही आठवडे असे येतात, की पाण्यात बर्फ वाहू लागल्यामुळे बोट चालत नाही आणि बर्फ पातळ असल्यामुळे त्यावर चाक घालता येत नाही. त्या काळात इनुविकला जाणारा हा रस्ता बंद होतो. म्हणून ऑक्टोबर महिना उजाडला, की उत्तरेकडे निघालेल्या प्रत्येक वाहनाला त्वरा करावी लागते.

अशाच एका ऑक्टोबरात, पहिल्या आठवड्यात, दक्षिणेकडून पीठ, फळे, औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग घेऊन मालमोटार या रस्त्याला लागते, अशी कल्पना करावी. चालकाने निघण्यापूर्वी पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून घेतलेली असते. बरोबर दोन जादा चाके असतात, कारण या रस्त्याची अणकुचीदार खडी टायर सहज फाडते. जाड लोकरी कपडे, पांघरुणे, फावडे, काड्यापेटी आणि चार दिवस पुरेल इतके अन्नही तो घेतो. प्रवास दोन दिवसांचा असताना शिधा चार दिवसांचा कशासाठी, असे तेथे कोणी विचारीत नाही.

थोड्याच वेळात टूमस्टोन पर्वताची काळी, टोकदार शिखरे दिसू लागतात. महिन्यापूर्वी येथील खुरटी झुडपे शेंदरी आणि पिवळ्या रंगांनी पेटल्यासारखी दिसत होती. आता पाने गळून गेली आहेत. डोंगरमाथ्यांवर ताजे हिम पडले आहे आणि ओढ्यांच्या कडांना बर्फाची पातळ किनार आली आहे. रस्ता आसपासच्या जमिनीपेक्षा बराच उंच आहे. जणू एखाद्या लांबच लांब बांधावरूनच मोटार चालली आहे.

हा बांध विनाकारण घातलेला नाही. या प्रदेशातील जमिनीचा वरचा थोडासा थर उन्हाळ्यात वितळतो. त्याखालची भूमी मात्र हजारो वर्षे गोठलेलीच आहे. काही ठिकाणी हा गोठलेला थर शेकडो फूट खोल जातो. तो गोठलेला असेपर्यंत खडकासारखा भक्कम असतो. वितळला, की त्याचा चिखल होतो आणि त्यावरील सारे खचते. नेहमीच्या पद्धतीने वरची माती व शेवाळ खरवडून रस्ता केला असता, तर उन्हाची ऊब थेट खालच्या बर्फापर्यंत पोहोचली असती आणि रस्ता दोन-चार वर्षांतच चिखलात रुतला असता. म्हणून बांधणाऱ्यांनी जमीन उकरली नाही. तिच्यावरच सव्वा ते अडीच मीटर जाडीचा खडीचा भराव घातला. थंडीत माणूस पांघरूण घेतो ते ऊब राखण्यासाठी. येथे जमिनीला पांघरूण घातले ते तिची थंडी राखण्यासाठी! रस्त्याचे काम १९५९ साली सुरू झाले, मध्ये काही वर्षे थांबले आणि अखेर १९७९ साली पूर्ण झाले.

पुढे ओगिल्व्ही पर्वताच्या उघड्याबोडक्या, करड्या टेकड्या लागतात. येथे एकाएकी चालक मोटार थांबवितो. समोरून कॅरिबू हरणांचा कळप रस्ता ओलांडीत असतो. ही हरणे उन्हाळ्यात उत्तर महासागराच्या किनाऱ्याकडील मैदानांत चरतात आणि हिवाळा आला की दक्षिणेकडील दऱ्याखोऱ्यांत उतरतात. या भूमीचे मूळ रहिवासी असलेले ग्विचिन लोक पिढ्यान्‌पिढ्या याच हरणांवर जगत आले आहेत. मांस खाण्यासाठी, कातडे कपड्यांसाठी आणि हाडे हत्यारांसाठी, असा त्यांचा उपयोग होत असे. कळपाच्या अग्रभागी चालणाऱ्या हरणांना निर्वेध जाऊ द्यावे, अशी त्यांची जुनी रीत आहे. पुढची हरणे वाट दाखवितात. ती बिचकली, तर मागचा सारा कळप भरकटतो. चालक इंजिन बंद करून स्वस्थ बसतो. शेवटचे पाडस पलीकडे गेल्यावरच चाके पुन्हा फिरू लागतात.

संध्याकाळी ईगल प्लेन्स येते. ३६९ व्या किलोमीटरवरील हे ठिकाण म्हणजे एक उपाहारगृह, काही खोल्या, दुरुस्तीचे छप्पर आणि पेट्रोलचा पंप, एवढेच. तथापि दिवसभर माणसाचे घर न पाहिलेल्या प्रवाशाला तेथील दिवा एखाद्या शहरासारखा वाटतो. पुढची वाट मोकळी आहे काय, हे येथे विचारून घ्यावे लागते. कारण यापुढे रिचर्डसन पर्वताच्या पायथ्याशी वारा असा काही घोंगावतो, की उभी मोटार उलथून पडावी. हिमवादळ सुरू असले, की रस्त्यावरील फाटक बंद करतात आणि मग कितीही घाई असली, तरी थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडे असते. ४०५ व्या किलोमीटरवर उत्तर ध्रुववृत्त लागते. येथून उत्तरेस वर्षातून निदान एक दिवस सूर्य मावळत नाही आणि निदान एक दिवस तो उगवत नाही. ऑक्टोबरात येथील दिवस रोज सात-आठ मिनिटांनी लहान होत जातो. झाडे आता दिसेनाशी झालेली असतात. दोन्ही बाजूंस नजर पोहोचेल तेथवर पिंगट माळ, त्यावर भुरभुरणारे हिम आणि मधून जाणारी रस्त्याची एकच रेघ. खिंड ओलांडून मोटार खाली उतरते, तो समोर पील नदीचे रुंद पात्र. पाण्यावर बर्फाचे पातळ पापुद्रे तरंगू लागले आहेत. पण फेरीबोट अजून चालू आहे. मोटार पलीकडे पोहोचते. चालक सुटकेचा निःश्वास टाकतो.

नदीपलीकडे फोर्ट मॅकफर्सन हे ग्विचिन लोकांचे गाव आहे. तेथील चर्चच्या आवारात चार कबरी आहेत. या रस्त्याला डेंप्स्टरचे नाव का मिळाले, याचे उत्तर त्या कबरींपाशी सापडते.

रस्ता नव्हता त्या काळी, १९०४ सालापासून, घोडदळाचे पोलीस दर हिवाळ्यात डॉसन आणि फोर्ट मॅकफर्सन यांच्या दरम्यान टपाल नेत. बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाड्यांना कुत्रे जुंपून हा साडेसातशे किलोमीटरांचा प्रवास होई. २१ डिसेंबर १९१० रोजी इन्स्पेक्टर फिट्झजेरल्ड हे तीन सहकाऱ्यांसह फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाले. ते धाडसी आणि अनुभवी अधिकारी होते. हा प्रवास पूर्वीपेक्षा लवकर पुरा करावा, या इच्छेने त्यांनी ओझे हलके ठेवले आणि शिधा बेताचाच घेतला. वाट दाखविण्यासाठी ग्विचिन वाटाड्याही बरोबर घेतला नाही. त्यांच्यातील कार्टर यांनी ती वाट एकदाच, काही वर्षांपूर्वी, आणि तीही उलट दिशेने तुडविली होती. मार्गात भेटलेल्या एका ग्विचिन माणसाने त्यांना काही दिवस वाट दाखविली. परंतु आता पुढची वाट आपल्याला सापडेल, असे समजून त्यांनी त्याला निरोप दिला.

ती वाट सापडली नाही. ज्या ओढ्याच्या काठाने वळायचे होते, तो बर्फाखाली ओळखूच येईना. तो शोधण्यात कितीतरी दिवस गेले. थंडी कडाक्याची आणि शिधा संपत आलेला. जानेवारीच्या मध्यावर त्यांनी माघार घेतली. पण तेव्हा फार उशीर झाला होता. अन्न संपल्यावर त्यांना आपले कुत्रे एकेक करून मारून खावे लागले. चालण्याची शक्ती संपलेले टेलर आणि किनी हे दोघे मागे राहिले. फिट्झजेरल्ड आणि कार्टर मदत आणण्यासाठी पुढे सरकले. फोर्ट मॅकफर्सन केवळ चाळीस किलोमीटरांवर असताना त्या दोघांचीही शक्ती सरली. चौघांपैकी एकही वाचला नाही.

टपाल आले नाही, तेव्हा डॉसनच्या ठाण्यात चिंता पसरली. २८ फेब्रुवारी १९११ रोजी कॉर्पोरल डेंप्स्टर शोधासाठी निघाले. शूर ते होतेच. पण त्यांच्या तुकडीत चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. ज्या रानात पहिली तुकडी हरवली, तेच रान ओलांडून या माणसांनी मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस चौघांचा शोध लावला. फिट्झजेरल्ड यांच्यापाशी कोळशाने खरडलेले मृत्युपत्र मिळाले. आपले जे काही असेल ते आईला द्यावे, असे त्यात लिहिले होते.

या घटनेनंतर पोलिसांनी आपले नियम बदलले. वाटेत ठिकठिकाणी निवाऱ्याच्या झोपड्या बांधल्या, त्यांत अन्नाचा साठा ठेवला, चुकणाऱ्या वळणांवर खुणा केल्या आणि ग्विचिन वाटाड्यावाचून गस्त निघू नये असे ठरविले. आजचा रस्ता त्या जुन्या वाटेवरून जात नाही. परंतु ईगल प्लेन्सचा दिवा, वादळात बंद होणारे फाटक आणि चालकाजवळचा चार दिवसांचा शिधा यांच्यामागे तीच शिकवण उभी आहे. फिट्झजेरल्ड भित्रे नव्हते की आळशी नव्हते. त्यांची चूक एवढीच, की त्या भूमीला जन्मापासून ओळखणाऱ्यांची सोबत त्यांना गरजेची वाटली नाही.

दुपारपर्यंत मॅकेन्झी नदीही पार होते. ही कॅनडातील सर्वांत लांब नदी. रात्री इनुविकचे दिवे दिसू लागतात. सुमारे ३,००० वस्तीच्या या गावात पुष्कळशा इमारती खांबांवर उचललेल्या आहेत आणि पाण्याचे नळ जमिनीखालून न जाता जमिनीवरील पेट्यांतून जातात. कारण येथेही खालचा बर्फ वितळू द्यायचा नसतो. मालमोटार रिकामी होते. काही दिवसांनी फेरीबोटी थांबतील. मग नद्यांवरील बर्फ मोटारीचे वजन पेलू लागेपर्यंत भाजी आणि दूध विमानानेच येईल आणि त्यांचे भावही चढतील. डिसेंबरात तर महिनाभर सूर्यदर्शन होणार नाही.

२०१७ साली हा मार्ग इनुविकच्याही पुढे, उत्तर महासागराच्या काठावरील टुकटोयाकटुकपर्यंत नेण्यात आला. परंतु पृथ्वी तापत चालल्यामुळे गोठलेली जमीन आता ठिकठिकाणी वितळू लागली आहे. पील नदीच्या परिसरातील उतार ढासळत आहेत आणि रस्त्याची पुनःपुन्हा डागडुजी करावी लागते. येथे रस्ता एकदा बांधून भागत नाही. भूमी काय सांगते, हे दरवर्षी नव्याने ऐकावे लागते. आणि ते कळत नसेल, तर ज्यांना कळते त्यांना विचारावे लागते.

स्वाध्याय

१. ऑक्टोबर महिन्यात उत्तरेकडे जाणाऱ्या वाहनांना त्वरा का करावी लागते?
२. डेंप्स्टर महामार्ग जमीन न उकरता जाड भरावावर का बांधला आहे?
३. हरणांचा कळप जाईपर्यंत चालक का थांबला? ग्विचिन लोकांची कोणती रीत त्यातून आठवते?
४. फिट्झजेरल्ड आणि डेंप्स्टर यांच्या प्रवासांत कोणता महत्त्वाचा फरक होता?
५. तुमच्या गावातील जुन्या माणसांना पाऊस, नदी किंवा रान यांविषयीची एखादी माहिती विचारा आणि ती दहा ओळींत लिहा.