मडगार्ड कापण्याआधी

राहुरी तालुक्यात मुळेच्या कालव्याखाली ऊस करणाऱ्या एका तरुण शेतकऱ्यानं आपल्या जुन्या बोलेरोला 31 इंची टायर चढवले. गाडी गॅरेजसमोर सरळ उभी होती तेव्हा टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं जागा दिसत होती. बाहेर पडून नगर-मनमाड रस्त्याला लागताना स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि पुढच्या चाकातून खरखर सुरू झाली. मिस्त्री म्हणाला, "एवढंच ना भाऊ? कोपरा उडवून देतो."

कोपरा उडवला. पण थोड्याच दिवसांत शेताच्या बांधावरून उतरताना गाडी एका अंगाला कलली, चाक वर दबलं आणि कापलेल्या पत्र्याची धारदार कड टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसली. टायरच्या या भागाला चीर गेली की ठिगळ चालत नाही. नवाकोरा टायर भंगारात गेला. पुढच्या पावसाळ्यात कापलेल्या कडेवरचा रंग फुगला आणि खालून गंज बाहेर आला.

मोठे टायर बसवण्याबद्दल कोणी त्याला विचारायला आलं, की तो आता आधी कागद-पेन घ्यायला लावतो. बोलेरोचा कंपनीचा टायर 215/75 आर 15. रुंदी 215 मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या 75 टक्के, रिम 15 इंचांची. हिशेब केला तर टायरची पूर्ण उंची सुमारे 703 मिलिमीटर भरते. 31 इंची टायर 787 मिलिमीटरचा. म्हणजे चाकाच्या मध्यापासून वर 42 मिलिमीटर जास्त, आणि तेवढेच पुढं नि मागंही जास्त. शिवाय साडेदहा इंच रुंदीचा टायर मूळ टायरपेक्षा जवळपास 50 मिलिमीटर रुंद असतो. त्याला रुंद रिम लागते. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, बदलला की चाक वळताना घेरही बदलतो आणि टायर नव्याच ठिकाणी घासायला लागतो. एकीकडे चासीला, दुसरीकडे बंपरच्या खालच्या कोपऱ्याला.

खरी फसगत इथंच होते. उभ्या गाडीत दिसणारी जागा ही चालत्या गाडीतली जागा नसते. खड्ड्यात स्प्रिंग दबली की चाक कमानीत वर घुसतं. त्याच वेळी स्टेअरिंग वळलेलं असेल, तर टायरची मागची कड मडगार्ड आणि पायरीच्या सांध्यावर जाते. त्यात मागं चार माणसं आणि खताच्या गोण्या असतील तर उरलेली जागाही संपते. म्हणून माप घ्यायचं ते गाडी भरून, एक चाक बांधावर किंवा भक्कम रॅम्पवर चढवून, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत. गाडी जागच्या जागी असतानाच दुसऱ्या माणसानं वाकून टायर कुठं लागतो ते बघायचं आणि तिथं खडूनं खूण करायची. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली मात्र कोणी जाऊ नये. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते का, हेही याच वेळी कळतं.

पुढचं मडगार्ड बहुतेक गाड्यांत बोल्टांवर बसलेलं असतं. कापताना चुकलं तरी ते बदलता येतं. मागची कमान मात्र बॉडीचाच भाग. तिथं बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले असतात. ती जोडकड कापली की दोन पत्र्यांमधली पोकळी उघडी पडते, तिच्यात चिखल-पाणी साचतं आणि बॉडी आतून कुजते. तो सांधा पुन्हा वेल्ड करून, सीलर भरून बंद करावाच लागतो. जे मिस्त्री हे न सांगता ग्राइंडर हातात घेतात, त्यांच्याकडून गाडी परत आणलेली बरी.

कापायचंच झालं तर आधी प्लॅस्टिकचं लायनर आणि बंपरचा कोपरा बघावा. पुष्कळदा काम तिथंच भागतं. पत्र्याची वेळ आली तर लायनर काढून मागं वायरिंग, हॉर्न किंवा काचेच्या पाण्याची बाटली आहे का ते डोळ्यांनी पाहावं. काचांवर आणि रंगावर ओली गोणपाटं टाकावीत. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि रंगावर पडलेल्या कणांचे पुढं गंजाचे ठिपके होतात. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढावी. खुणेच्या आत थोडं थोडं कापावं, कड फ्लॅप डिस्कनं गुळगुळीत करावी, उघड्या लोखंडाला त्याच दिवशी झिंक प्रायमर लावावा आणि वर रबराचं बीडिंग बसवावं. या तरुणाच्या गाडीवर शेवटच्या तीन गोष्टींपैकी एकही झाली नव्हती.

हे सगळं नीट केलं तरी कायद्याचा प्रश्न राहतोच. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. ही नुसती कागदावरची भीती नाही. 2023 च्या सुरुवातीला श्रीनगरच्या वाहतूक न्यायालयानं मोठे टायर आणि इतर बदल केलेल्या थारच्या मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली होती. नंतर त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला पुरतो, ही गोष्ट वेगळीच.

स्पीडोमीटरही फसवतो. 31 इंची टायरवर काटा 80 दाखवतो तेव्हा बोलेरो प्रत्यक्षात 89 च्या आसपास धावत असते. चाक जड झालेलं असतं, ब्रेक मात्र जुनेच. उसाच्या ट्रॉल्या रात्री दिव्याविना उभ्या राहतात अशा रस्त्यावर हा फरक जिवावर बेतू शकतो.

आणि एवढा खटाटोप कशासाठी? गोव्यात 2014 पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेच्या गाड्यांना हे टायर लागतात. त्यांचं कामच ते आहे. राहुरीच्या काळ्या जमिनीचा प्रश्न निराळा. ही माती टायरच्या खाचांत बसली की टायर गुळगुळीत होतो, मग तो कितीही मोठा असो. टायर आणि मडगार्डमधली जागा कमी असेल, तर चिखल तिथंच थापला जाऊन चाक जाम होतं. रुंद टायर अशा वेळी वरच्या रबडीवर तरंगतो. अरुंद टायर ती कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. रुंद खाचांचा मड-टेरेन टायर, शेतात शिरताना थोडी कमी केलेली आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरलेली हवा, यानं बहुतेक वेळा काम होतं.

त्या शेतकऱ्यानं पुढची दोन्ही मडगार्डं नवी बसवली आणि कंपनीच्याच मापाचे, पण खोल खाचांचे टायर घातले. तरीही कुणाला माप बदलायचंच असेल, तर पैसे मोजण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला त्या मॉडेलसाठी मंजूर असलेली मापं विचारावीत, आरटीओत खात्री करावी आणि विमा कंपनीकडून होकार लेखी घ्यावा. मंजूर मापाच्या टायरला मडगार्ड कापावं लागत नाही.