घटक ४ : स्थळ, स्मृती आणि भाषा – रायगडातील बेने इस्राएल वारशाची क्षेत्रभेट

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला :
• परंपरा, वास्तू आणि भाषा या तीन प्रकारच्या साक्षींमधील भेद स्पष्ट करता येईल.
• बेने इस्राएल समाजाच्या मराठीतील वैशिष्ट्यपूर्ण शब्दांचे विवेचन करता येईल.
• एका दिवसाच्या क्षेत्रभेटीची टिपणे पद्धतशीरपणे करता येतील.

४.१ प्रस्तावना

बायबलमधील संदेष्ट्यांच्या खुणा पाहायच्या, तर पश्चिम आशियातील वाळवंटी अवशेषांकडे जावे लागेल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पेण-रोह्याच्या विद्यार्थ्याला मात्र अशी एक खूण अलिबागजवळच्या खंडाळे गावी पाहता येते. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने आपला दूरचा भूगोल येथील खडकांत, वाड्यांत आणि मुख्य म्हणजे मराठी भाषेत रुजवला. ही क्षेत्रभेट त्या रुजवणुकीचा अभ्यास आहे.

पेणहून सकाळी निघून नवगाव, खंडाळे, रेवदंडा, रोहे-अष्टमी असा मार्ग घेऊन सायंकाळी पेणला परतता येते. शनिवार हा शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीचा दिवस असल्याने भेटीसाठी रविवार निवडावा.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ परंपरेची साक्ष

समाजाच्या परंपरेनुसार, त्यांच्या पूर्वजांचे जहाज चौल बंदराच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. मृतांना तेथेच पुरण्यात आले. नवगावचे दफनस्थान त्या आठवणीशी जोडलेले आहे. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी ही घटना इ.स.पू. दुसऱ्या शतकातील मानली. तिचा समकालीन लेखी पुरावा मात्र उपलब्ध नाही.

खंडाळे येथील खडकावरील खुणेला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. बायबलनुसार एलियाहू हा संदेष्टा अग्निरथासह स्वर्गारोहण करतो. बेने इस्राएल परंपरेनुसार तो या ठिकाणी प्रकट झाला आणि त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली. नवस फेडताना येथे ‘मलिदा’ केला जातो. त्यात पोहे, ओले खोबरे व फळे असतात.

येथे विद्यार्थ्याने दोन टोके टाळावीत. आख्यायिकेला इतिहास समजू नये, तसेच ‘पुरावा नाही’ म्हणून ती टाकूनही देऊ नये. समाजाला काय विसरायचे नव्हते, याची ती विश्वसनीय साक्ष असते.

४.२.२ वास्तूची साक्ष

रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटातील पडझड झालेल्या वास्तू पाहताना चौलच्या सागरी व्यापाराचे स्मरण ठेवावे. हा कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. परंतु चौल बंदर त्याच्या कितीतरी आधीपासून परदेशी जहाजांना परिचित होते. जहाजफुटीच्या कथेला या किनाऱ्याची पार्श्वभूमी का लाभली, हे त्यावरून उमगते.

अलिबागचे ‘मागेन आबोथ’ हे सिनेगॉग १८४८ चे, तर पेणचे ‘बेथ हा एलोहिम’ १८६३ चे. रोहे-अष्टमी येथेही समाजाचे सिनेगॉग होते. वास्तूला साल असते, म्हणून तिची साक्ष अधिक पक्की; मात्र ती समाजाच्या उत्तरकालीन स्थैर्याविषयी बोलते, आगमनाविषयी नाही.

४.२.३ भाषेची साक्ष

मराठीच्या विद्यार्थ्यासाठी हीच साक्ष सर्वांत समृद्ध आहे. पुढील उदाहरणे अभ्यासा.

(अ) व्यवसायनाम : तेल गाळणारा हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून शेजाऱ्यांनी त्यास ‘शनवार तेली’ म्हटले. शेजाऱ्याने दिलेल्या या नावात एक धर्माचरण नोंदले गेले आहे.

(आ) व्यक्तिनामे व आडनावे : सॅम्युअलचे ‘सामाजी’ झाले, इझिकेलचे ‘हसाजी’. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर ही आडनावे गावांवरून आली.

(इ) सणांची नावे : योम किप्पूर हा ‘दारफळणीचा सण’, म्हणजे दारे बंद करण्याचा दिवस. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ होणाऱ्या उपासाचे नाव बिरड्यावरून पडले. दूरच्या भग्न मंदिराचे दुःख अशा रीतीने रायगडातील घरोघरच्या पदार्थाशी जोडले गेले.

(ई) मिश्र पदरचना : ‘एलियाहू हनाबीचा टापा’ या पदात ‘हनाबी’ हा हिब्रू शब्द (अर्थ : संदेष्टा) मराठी षष्ठी प्रत्यय घेतो आणि मराठी ‘टाप’ या शब्दाशी नाते सांगणाऱ्या ‘टापा’ला जोडला जातो.

४.२.४ आज काय उरले आहे?

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. त्यांतील अनेक नेगेव्ह वाळवंटातील दिमोना व बीरशेबा येथे स्थायिक झाली. बीरशेबा हे अब्राहामाच्या विहिरीच्या कथेतील नगर. ज्या भूमीची कथा कोकणात मराठीतून सांगितली जात होती, त्या भूमीवर आता मराठी बोलली जाऊ लागली. तेथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले.

इकडे मात्र सिनेगॉग राहिले आणि प्रार्थनेसाठी जमणारे थोडे उरले. सामूहिक प्रार्थनेस परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष लागतात. लहान गावात ही संख्या भरणेही कठीण होते. वास्तूची डागडुजी करता येते. पण ‘दारफळणी’ हा शब्द आजीच्या तोंडून ऐकलेली व्यक्ती गेली, की त्या शब्दाचा उच्चार, प्रसंग आणि भाव यांची नोंद कायमची हुकते. म्हणून तुमची वही हे केवळ स्वाध्यायाचे साधन नाही.

४.३ सारांश

परंपरा समाजाची स्मृती सांगते, वास्तू काळ सांगते आणि भाषा सहजीवन सांगते. तिन्ही साक्षी परस्परांशी ताडून पाहिल्यासच स्थळाचा अर्थ उलगडतो.

४.४ स्वाध्याय

१. आख्यायिकेचे अभ्यासमूल्य नवगावच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘शनवार तेली’ या नावातून कोणती सामाजिक माहिती मिळते?
३. ‘एलियाहू हनाबीचा टापा’ या पदाचे भाषिक विश्लेषण करा.

४.५ उपक्रम

तुमच्या गावातील कोणत्याही एका समाजाचे पाच विशेष शब्द वयोवृद्ध व्यक्तींकडून ऐकून नोंदवा. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, प्रसंग व नोंदीची तारीख लिहा. प्रार्थनास्थळी वा दफनस्थानी जाण्यापूर्वी परवानगी घ्या, मस्तक झाका आणि छायाचित्र विचारूनच काढा.