बाजू बदलणारा देश

रस्त्याच्या कोणत्या बाजूने जावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. डावी बाजू काय आणि उजवी बाजू काय, दोन्ही सारख्याच. सर्वांनी मिळून एक बाजू ठरवावी आणि तिचे पालन करावे, म्हणजे झाले. परंतु अंगवळणी पडलेली बाजू सोडण्याचा प्रसंग साऱ्या राष्ट्रावर आला, तर काय होईल? उत्तर युरोपातील स्वीडन या देशावर १९६७ साली असा प्रसंग आला.

स्वीडनमध्ये अठराव्या शतकापासून वाहतूक डाव्या बाजूने चालत असे. शेजारच्या नॉर्वे व फिनलंड या देशांत मात्र ती उजव्या बाजूने चाले. त्यामुळे सीमा ओलांडताच चालकाला बाजू बदलावी लागे. याहून मोठी अडचण मोटारींच्या रचनेत होती. जेथे वाहतूक डावीकडून चालते, तेथे चालकाची जागा सहसा मोटारीत उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मध्याजवळ असते. आपल्या देशात ती अशीच असते. स्वीडनमधील बहुतेक मोटारींत मात्र ती डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला असे. अरुंद रस्त्यावर पुढच्या वाहनाला मागे टाकू पाहणाऱ्या चालकाला समोरून कोण येत आहे, हे नीट दिसत नसे. अशा वेळी वाहनांची समोरासमोर टक्कर होण्याचे भय असे.

असे असूनही लोकांना बदल नको होता. १९५५ साली सरकारने या प्रश्नावर लोकमत अजमावले, तेव्हा मतदान करणाऱ्या दर शंभर जणांपैकी सुमारे ८३ जणांनी बदलाविरुद्ध कौल दिला. या विरोधात केवळ हट्ट होता, असे म्हणता येणार नाही. एवढा खर्च कशासाठी? पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एका दिवसात कशी मोडणार? म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आणि लहान मुलांनी रस्ता कसा ओलांडावा? या शंका कोणाही समंजस माणसाच्या मनात येण्याजोग्या होत्या.

हा कौल सल्ल्यादाखल घेतलेला होता. तो बंधनकारक नव्हता. पुढे मोटारींची संख्या झपाट्याने वाढू लागली. बदल जितका लांबणीवर पडेल, तितका तो अधिक खर्चाचा आणि अवघड होणार, हे उघड दिसू लागले. अखेर १९६३ च्या मे महिन्यात संसदेने वाहतूक उजवीकडे नेण्याचा निर्णय मोठ्या बहुमताने घेतला. लोकशाहीत लोकांच्या कौलाविरुद्ध निर्णय घेणे ही सामान्य गोष्ट नव्हे. असा निर्णय घेणाऱ्यावर लोकांना तो समजावून सांगण्याची जबाबदारी येऊन पडते. स्वीडनच्या सरकारने ती टाळली नाही. तयारीसाठी चार वर्षे राखून ठेवली आणि त्या कामासाठी स्वतंत्र आयोग नेमला.

देशातील सुमारे ३,६०,००० वाहतूकफलक बदलावे किंवा हलवावे लागणार होते. जुन्या बसगाड्यांचे दरवाजे डावीकडे होते. उतारूंना भर रस्त्यात उतरावे लागू नये, म्हणून हजारो बसगाड्यांना उजवीकडे दरवाजे करण्यात आले. कित्येक शहरांतील ट्राम मात्र कायमच्या बंद झाल्या. घरोघरी माहितीपुस्तिका पोहोचल्या. स्वीडिश भाषेतील ‘उजवा’ या शब्दाचे आद्याक्षर ‘एच’ हे या मोहिमेचे चिन्ह ठरले. ते दुधाच्या पुड्यांवरही छापले गेले. मोहिमेसाठी गाणेही रचले गेले आणि ते लोकांच्या ओठी बसले.

३ सप्टेंबर १९६७ हा रविवार उजाडला. मध्यरात्रीनंतर एक वाजल्यापासून अत्यावश्यक वाहनांखेरीज इतरांना रस्ते बंद होते. त्या अवधीत कामगारांनी व सैनिकांनी नवे फलक उघडे केले. पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावरील प्रत्येक वाहन थांबले. मग ते सावकाश, जपून उजव्या बाजूला गेले आणि तेथे पुन्हा उभे राहिले. पाचाचे ठोके पडले आणि वाहने नव्या बाजूने चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सोमवारी लोक कामावर निघाले, तेव्हा सर्वांच्या जिवात जीव नव्हता. त्या दिवशी देशभरात १२५ अपघातांची नोंद झाली. त्यापूर्वीच्या सोमवारी ही संख्या १३० ते १९८ यांच्या दरम्यान असे. त्या १२५ अपघातांत एकाचाही प्राण गेला नाही. ज्यांनी बदलाविरुद्ध मत दिले होते, तेही त्या दिवशी उजव्या बाजूनेच गेले. मत वेगळे असणे हा नागरिकाचा हक्क आहे. परंतु रस्त्यावर दोन मते एकाच वेळी चालू शकत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पुढे सुमारे दोन वर्षांत अपघातांचे प्रमाण पुन्हा पूर्वीइतके झाले. असे का व्हावे? पहिल्या दिवसांत प्रत्येक जण जपून चालत होता. वेगमर्यादा कमी होत्या, नजर समोर होती, मन सावध होते. नवी बाजू जुनी झाली, तशी ही सावधगिरीही सैल पडली. नव्या बाजूमुळे रस्ता अधिक स्पष्ट दिसू लागला हे खरे. पण सावध मनाची जागा कोणतीही बाजू घेऊ शकत नाही.

आपल्या देशात वाहतूक डावीकडून चालते. हा नियमही केवळ एक संकेतच आहे. सर्वांनी तो पाळला, तरच त्याला अर्थ आहे. समोरून येणारा अनोळखी माणूस आपली बाजू सोडणार नाही, या विश्वासावर प्रत्येक वाटसरू घराबाहेर पडतो. जो आपली बाजू सोडतो, तो नियमाबरोबर हा विश्वासही मोडतो.

स्वाध्याय

१. स्वीडनमधील मोटारींच्या रचनेमुळे कोणता धोका निर्माण झाला होता?
२. लोकांच्या कोणत्या शंका तुम्हांला रास्त वाटतात? का?
३. अपघातांचे प्रमाण आधी घटून पुढे पुन्हा का वाढले?
४. आज विजेवर चालणाऱ्या वाहनांविषयी लोकांची वेगवेगळी मते आहेत. घरातील व शेजारच्या मोठ्या माणसांची मते विचारा आणि दोन्ही बाजू मांडणारा एक परिच्छेद लिहा.