जुन्या पिकअपला इंजिन कोणते?

१९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडी येथे शेवरलेट मालमोटारी जोडल्या जात. त्या काळची एखादी पिकअप वखारीत पडून असेल व ती पुन्हा चालती करावयाची असेल, तर पहिला प्रश्न इंजिनाचा.

१९४७ ते १९५३ च्या अर्ध्या टनी पिकअपचे मूळ इंजिन सहा सिलिंडरचे, २१६ घनइंची. त्यातील कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना पूर्ण दाबाने तेल मिळत नाही. म्हणून सावकाश चालीस ते उत्तम, सतत वेगास अपुरे. १९५४ च्या २३५ घनइंची इंजिनात तेल दाबाने पोहोचते, व थोड्या फेरफाराने ते जुन्या सांगाड्यात बसते. आठ सिलिंडरचे इंजिन मोहक खरे; परंतु त्यापायी गिअरपेटी, मागील आस व ब्रेक यांचाही खर्च ओढवतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील खासगी वाहन मूळ स्वरूपात असेल तरच ‘विंटेज’ ठरते. आणि ते प्रदर्शन, मेळावा, देखभाल अशा ठरावीक कारणांपुरतेच रस्त्यावर आणता येते. एवढ्या चालीस २१६ पुरेसे आहे. तेव्हा वडिलार्जित ठेव म्हणून राखावयाची असल्यास मूळ इंजिनच दुरुस्त करावे. नित्य फिरवावयाची असल्यास परिवहन कार्यालयाची पूर्वसंमती घेऊन २३५ बसवावे.

बंधूंनो, तराजूत आधी गरज घालावी, मग हौस. परिग्रहाची मर्यादा इंजिनासही लागू आहे.