संग्रहालयातील बुद्धवारसा : पाहावा कसा?

न्यूयॉर्क शहरातील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय हे जगातील मोठ्या कलासंग्रहालयांपैकी एक होय. त्याची स्थापना १८७० साली झाली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१३ ते १९१६ या काळात ज्या शहरात उच्च शिक्षण घेतले, तेच हे शहर. येथे २०२३ च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत ‘वृक्ष आणि सर्प’ या नावाचे प्रदर्शन भरले होते. इसवी सनापूर्वी २०० ते इसवी सन ४०० या सहाशे वर्षांतील भारतीय बौद्ध कला हा त्याचा विषय होता. पुढे ते दक्षिण कोरियातील सोल येथेही मांडले गेले.

मोठ्या संग्रहालयात प्रदर्शन भरते तेव्हा मूर्ती मांडून काम संपत नाही. अभ्यासकांची व्याख्याने होतात, जाणकारांबरोबर दालनातून फेरी मारता येते, शाळेच्या मुलांसाठी वर्ग असतात, सचित्र ग्रंथ निघतो. एवढी सोय असूनही पाहणाऱ्याला शिल्पाची भाषा येत नसेल, तर तो दगड पाहून परत येतो. म्हणून आपण प्रथम ही भाषा शिकू.

चिन्हांची भाषा : प्राचीन शिल्पकारांनी आरंभी तथागतांना मानवरूपात कोरले नाही. पिंपळवृक्ष दिसला की बोधिप्राप्ती समजावी. चक्र म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन. स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण. रिकामे आसन आणि पदचिन्हे ही तथागतांच्या उपस्थितीची खूण. भोवती हात जोडलेले स्त्री-पुरुष असतात आणि मध्यभागी आसन रिकामे असते, याचा अर्थ आता ध्यानी येईल.

सर्प म्हणजे नाग. पावसात भगवंतांवर फणा धरणारा मुचलिंद, स्तूपाचे रक्षण करणारे नागराज ही शिल्पे याच परंपरेतील आहेत. १९५६ साली नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मप्रसारातील नाग लोकांचे कार्य आवर्जून सांगितले होते, हेही येथे आठवावे. प्रदर्शनात तेलंगणातील फणिगिरीची शिल्पे होती. फणिगिरी म्हणजे फण्याचा डोंगर.

दात्यांची नावे : शिल्पाखालील कोरीव लेख हा दुसरा धडा. हे स्तूप आणि लेणी राजांनी एकट्याने उभारली नाहीत. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांच्या कामाची नोंद आहे. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेले स्तंभ आहेत. अमरावतीच्या एका शिलापट्टावर दाता म्हणून विधिक या चर्मकाराचे नाव आहे. त्याने आई, पत्नी, भाऊ, मुलगा, मुली अशा सर्व परिवारासह हे दान दिले. ज्या कामावरून पुढे माणसाला गावाबाहेर ठेवले गेले, त्याच कामाचे नाव विधिकाने स्तूपाच्या दगडावर उघडपणे लिहविले! आपल्या मुलांना हे एक नाव जरी पाठ झाले, तरी संग्रहालयाची फेरी सार्थकी लागली असे आम्ही मानतो.

प्रदर्शनात महाराष्ट्रातील एक वस्तूही होती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ती छोटी धातुमूर्ती. बौद्ध प्रदर्शनात ग्रीक देव कशासाठी? तर समुद्रापलीकडच्या व्यापाराची ती साक्ष आहे. ज्या व्यापाऱ्यांनी हा माल नेला-आणला, त्यांच्यापैकी अनेकांनी विहारांना दाने दिली.

अस्थी की कलावस्तू? : आता कठीण प्रश्न. याच प्रदर्शनात पिप्रहवा येथील रत्ने होती. १८९८ साली उत्तर प्रदेशातील या स्तूपातून ब्रिटिश जमीनदार पेपे यांनी अस्थिकलश बाहेर काढले. कलशावरील ब्राह्मी लेखात शाक्य बुद्धांच्या अस्थींचा उल्लेख आहे. अस्थी सयामच्या राजाला देण्यात आल्या. बरीच रत्ने कोलकात्याच्या संग्रहालयात गेली व काही पेपे कुटुंबाकडे राहिली. २०२३ मध्ये लोकांनी ती काचेपलीकडून पाहिली. २०२५ च्या मे महिन्यात सोथबीज या संस्थेने हाँगकाँगमध्ये त्यांचा लिलाव ठरविला! जगभरच्या बौद्धांनी आक्षेप घेतला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली व लिलाव थांबला. गोदरेज समूहाच्या साहाय्याने जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परतली.

अस्थींसोबत श्रद्धेने ठेवलेली रत्ने विकत घेण्याची वेळ यावी, याचे दुःख आहेच. पण ती परत आली याचे समाधानही आहे. संग्रहालये वस्तू जपतात, जगाला दाखवितात, हे त्यांचे उपकार मान्य केले पाहिजेत. मात्र ती वस्तू मुळात कोणाच्या श्रद्धेची होती, हे सांगण्याचे काम आपले आहे. आपण जाणते नसलो, तर उद्या आक्षेप घेणार कोण?

यासाठी न्यूयॉर्कला जावे लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मीरपूरखासच्या स्तूपातील मृण्मय बुद्धमूर्ती आहेत. सोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी काढलेला करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. प्रत्येक विहाराने वर्षातून एकदा तरी मुलांना अशा ठिकाणी न्यावे.

विद्यार्थ्यांनी प्रत्येक वस्तूसमोर विचारावयाचे चार प्रश्न :
१. ही वस्तू मूळची कोठली?
२. ती कोणी दिली व कोणी घडविली?
३. तिच्यावरील चिन्हाचा धम्मार्थ काय?
४. ती येथे कशी आली?

उत्तरे वहीत लिहा आणि विहारात सर्वांना वाचून दाखवा.

नमो बुद्धाय! जय भीम!