अग्निबाण ते मृगाचा पाऊस : डॉ. वसंत गोवारीकर

अवकाश संशोधन म्हटले की श्रीहरिकोटा, डॉ. अब्दुल कलाम आणि चांद्रयान आपल्या डोळ्यांसमोर येतात. त्याच परंपरेतील एका मराठी शास्त्रज्ञाचे काम आपल्या कास्तकारांच्या बांधापर्यंत आले होते. ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. वसंत गोवारीकर.

त्यांचा जन्म पुण्याचा, २५ मार्च १९३३ चा. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते तेथेच संशोधन करीत होते. डॉ. विक्रम साराभाई यांच्या बोलावण्यावरून १९६७ साली ते केरळमधील थुंबा केंद्रात आले आणि अग्निबाणाच्या घन इंधनाचे काम त्यांनी हाती घेतले.

घन इंधन म्हणजे काय? दिवाळीतला बाण आठवा. जळण आणि त्याला लागणारा ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ, दोन्ही दारूतच असतात. मोठ्या अग्निबाणात हे पदार्थ रबरासारख्या चिकट द्रव्यात मळून नळकांड्यात ओततात व घट्ट होऊ देतात. त्यात बारीकशी भेग राहिली तरी जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब वाढतो आणि नळकांडे फुटू शकते. शिवाय एकदा पेटल्यावर विझवण्याची सोय नाही. म्हणून सगळी काळजी आधीच घ्यावी लागते.

आपल्या एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. १० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण फसले; बाण पाच मिनिटांत समुद्रात पडला. दोष शोधला गेला आणि १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला. त्या वेळी गोवारीकर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते.

पुढे ते दिल्लीला विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. तेथे त्यांनी सहकाऱ्यांसह मान्सूनच्या अंदाजाची पद्धत तयार केली. हिमालयातील बर्फ, प्रशांत महासागराचे तापमान, वारे, हवेचा दाब असे १६ घटक तीत होते. १९८८ पासून ती वापरात आली. त्या वर्षी पाऊस चांगला होईल असे सांगितले होते आणि तसा तो झालाही.

मात्र हा अंदाज साऱ्या देशाच्या चार महिन्यांच्या सरासरीचा असे. 'यंदा पाऊस सरासरीइतका' याचा अर्थ आपल्या काळ्या रानात मृग बरसेलच असा नव्हे. कापसाची दुबार पेरणी केलेल्या घरांना हे समजावून सांगावे लागत नाही!

२००२ साली तर अंदाज होता १०१ टक्क्यांचा आणि पाऊस झाला ८१ टक्के. देशात दुष्काळ पडला. हवामान खात्याने ती पद्धत बाजूला ठेवून २००३ मध्ये नवी आणली. याने गोवारीकरांचे मोठेपण कमी होते, असे मला वाटत नाही. अंदाज आकड्यांत मांडला होता, म्हणूनच तो कुठे व किती चुकला हे कळले. आकडाच दिला नसता तर चूकही सापडली नसती. २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता थोडा अभ्यास. सरळ उभ्या बाजूंचा डबा झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खाते मोजते त्याच वेळी, आतले पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरात साधारण ४,०४७ चौरस मीटर असतात. तर वीस मिलिमीटर पावसात तुमच्या एका एकरावर किती लिटर पाणी पडले, ते घरच्यांना काढून दाखवा.